केस परत आले, पण कशाने?

केसगळतीवरच्या जाहिरातींचा वाद निघाला की ठरल्यासारखे दोन गट समोरासमोर येतात. एक म्हणतो, तेलं आणि जडीबुटी ही सगळी थापेबाजी, खरं औषध तेवढं डॉक्टरांकडचं. दुसरा म्हणतो, रसायनांनी डोकं जाळून घेण्यापेक्षा निसर्गातलं बरं, आणि हजारो लोकांना गुण आला तो काय खोटा? मग तिसरा कोणीतरी दोघांनाही झापतो: टक्कल पडलं तर पडलं, दिसण्यामागे धावणाऱ्यांना कोणी ना कोणी फसवणारच. तिन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि मूळ प्रश्नाला कोणीच शिवत नाही. वनस्पती की रसायन, हा प्रश्न नाही. गिऱ्हाईक हौशी की समंजस, हाही नाही. ‘याने केस येतात’ असं चारचौघांत म्हणण्याआधी पुरावा कोणी दाखवायचा आणि कसला दाखवायचा, एवढाच प्रश्न आहे. माझं मत स्पष्ट आहे. पुरावा दावा करणाऱ्याने दाखवायचा, आणि तो विकायला काढण्याआधी. शिवाय केसांच्या बाबतीत वापरणाऱ्याचा अनुभव, तो कितीही प्रामाणिक असला तरी, पुरावा म्हणून चालू शकत नाही.

यातला दुसरा भाग लोकांना खटकतो, म्हणून आधी तोच घेते. माझ्या धाकट्या बहिणीचे केस बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात झडायला लागले. रोज सकाळी ती उशीवरचे आणि फणीतले केस गोळा करून मोजायची, कागदाच्या पुडीत बांधायची आणि पुडीवर तारीख आणि आकडा लिहायची. एका पुडीवर २१२ लिहिलेलं मला अजून आठवतं. ती पुडी माझ्या हातात देताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याच आठवड्यात तिने तीन महिन्यांचा एक कोर्स मागवला, तेलाच्या बाटल्या आणि सोबत गोळ्या. दोन महिन्यांत पुड्या हलक्या झाल्या आणि कपाळाच्या कडेला बोटाच्या पेराएवढे नवे केस उभे राहिले. “ताई, हात लावून बघ ना,” ती म्हणाली. मी लावला. केस खरे होते, तिचा आनंदही खरा होता. त्या बाटलीबद्दल तिने जे काही चांगलं लिहिलं, त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

आता केसांचं वेळापत्रक बघा. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि कोणत्याही क्षणी त्यातले ८५ ते ९० टक्के वाढत असतात. एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, मग तो सुमारे तीन महिने नुसता मुळाशी टिकून राहतो आणि गळतो. म्हणूनच रोज ५० ते १०० केस जाणं हे निरोगी डोक्याचंही लक्षण आहे. मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा झपाट्याने उतरवलेलं वजन यांचा धक्का बसला की एकाच वेळी पुष्कळ केस विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळायला लागतात. म्हणजे गळती दिसते तेव्हा तिचं कारण बहुतेकदा मागे पडलेलं असतं आणि त्याच मुळांतून नवा केस वर येऊ लागलेला असतो. अशी गळती साधारण सहा महिन्यांत आपोआप आटोपते. आणि माणूस बाटली कधी विकत घेतो? गळती ऐन भरात असते तेव्हा. तिथून पुढचा रस्ता बहुधा उताराचाच असतो. तीन महिन्यांचा कोर्स निसर्गाच्या या वेळापत्रकावर नेमका बसतो, आणि जे होणारच होतं त्याचं श्रेय बाटलीला जातं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. इथे फरक एवढाच की फांदी केव्हा तुटणार हे आधीच सांगता येतं.

बहिणीच्या दुसऱ्या बाळंतपणानंतरही केस तसेच गळले आणि कुठल्याही तेलाशिवाय साधारण त्याच सुमाराला परत आले. मी हे विजयाने सांगत नाही. या एका डोक्यावरूनही काही सिद्ध होत नाही. पहिल्या खेपेला त्या तेलाने थोडी मदत केलीही असेल. केली की नाही, हे ती सांगू शकत नाही आणि मीही सांगू शकत नाही. माझा मुद्दा नेमका तोच आहे.

हे फक्त बाळंतपणानंतरच्या गळतीलाच लागू आहे असं नाही. चाई पडलेल्या पुष्कळांचे केस कोणत्याही उपचाराविना परत येतात. वंशपरंपरेने पडणारं टक्कल हळूहळू वाढत जातं खरं, पण तिथेही मोजणीचे आकडे वरखाली होतात. मिनॉक्सिडिल या टाळूला लावायच्या औषधाच्या ५ टक्के द्रावणाची एक गाजलेली चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली. ३९३ पुरुषांवर ४८ आठवडे ती चालली. एका गटाला ५ टक्क्यांचं द्रावण, दुसऱ्याला २ टक्क्यांचं आणि तिसऱ्याला औषधच नसलेलं द्रावण दिलं गेलं. दर चौरस सेंटीमीटरमागे केसांची वाढ पहिल्या गटात सरासरी १८.६, दुसऱ्यात १२.७ आणि तिसऱ्यात ३.९ निघाली. तो तिसरा आकडा पुन्हा वाचा. ज्यांच्या डोक्यावर औषध नव्हतं, त्यांचेही केस मोजणीत वाढले. त्या गटातल्या एखाद्याला विचारलं असतं, तर ‘मला गुण आला’ असंच त्याने मनापासून सांगितलं असतं. हजार माणसांचे असे अनुभव गोळा केले म्हणून ते पुरावा होतात का? एकच चूक हजार वेळा केली तर ती फक्त मोठ्या आवाजात ऐकू येते.

याच चाचणीचे आकडे दुसऱ्या तऱ्हेनेही सांगता येतात. ‘२ टक्क्यांपेक्षा ५ टक्के द्रावणाने ४५ टक्के अधिक केस’ हे वाक्य खोटं नाही. पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जवळजवळ दीडपट दाट डोकं उभं राहतं, आणि प्रत्यक्षात फरक चौरस सेंटीमीटरला सहा केसांचा आहे. खऱ्या औषधाबाबतही टक्केवारीचा हा खेळ चालतो, तर जिथे चाचणीच झालेली नाही तिथल्या ‘अमुक टक्के’चं काय करायचं?

‘अनुभव काही कमी मोलाचा नसतो’ हा यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप, आणि त्यात मोठं तथ्य आहे. मिनॉक्सिडिलचा शोध प्रयोगशाळेत टकलावर उपाय शोधताना लागलेला नाही. ती रक्तदाबाची गोळी होती. अमेरिकेत १९७९ साली तिला मान्यता मिळाली. ती घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावर, हातांवर केस उगवू लागले. हा रुग्णांचा अनुभवच होता. त्याआधी, १९४२ साली, जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी संशोधकाने वृषण नसलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही हे नोंदवलं, आणि टेस्टोस्टेरॉन दिल्यावर त्यांच्यापैकी घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस मागे हटतात हेही दाखवलं. पुढे डोमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत जन्मापासून एक विशिष्ट विकर (एन्झाइम) कमी असलेले आणि टक्कल न पडणारे पुरुष आढळले, त्यांचा अभ्यास १९७४ साली प्रसिद्ध झाला आणि त्या धाग्यावरून टकलावरही दिलं जाणारं फिनॅस्टेराइड हे औषध तयार झालं. म्हणजे निरीक्षणाशिवाय काहीच सुरू होत नाही. पण त्या मंडळींनी निरीक्षण हाती येताच बाटली भरून विकायला काढली नाही. मिनॉक्सिडिलचं डोक्याला लावायचं द्रावण १९८८ साली मान्य झालं, तेही तुलनेच्या गटासह चाचण्या पार पाडल्यावर. मधली वर्षं लागली ती अनुभवाचा प्रश्न करायला आणि प्रश्नाचं उत्तर मिळवायला. आजच्या जाहिराती ही मधली वर्षंच वगळतात.

दुसरा आक्षेप असा की चाचण्या बड्या कंपन्यांनाच परवडतात. परंपरेतल्या तेलांची चाचणी कोण करणार? पुरावा नाही म्हणजे गुण नाही असं थोडंच आहे? बरोबर, तसं नाही. पण तेलाची चाचणी होऊ शकत नाही हा समज चुकीचा आहे. १९९८ साली स्कॉटलंडमधल्या डॉक्टरांनी चाई पडलेल्या ८६ जणांवर ती केली. निम्म्यांनी थाइम, रोझमेरी, लॅव्हेंडर आणि सीडारवुड यांची सुगंधी तेलं साध्या तेलात मिसळून रोज टाळूला चोळली, निम्म्यांनी नुसतं साधं तेल चोळलं. सात महिन्यांनी पहिल्या गटात ४४ टक्के आणि दुसऱ्यात १५ टक्के लोकांत सुधारणा दिसली. चाचणी छोटी होती, आणि वासावरून आपण कोणत्या गटात आहोत हे ओळखणं शक्य होतं, त्यामुळे शेवटचा शब्द म्हणून मी ती मांडत नाही. पण बघा, वनस्पतीच्या तेलाला कोणी दारातून हाकललं नाही. त्याला प्रश्न विचारला गेला आणि त्याने उत्तर दिलं. ज्याच्याकडे नटाचा चेहरा भाड्याने घ्यायला पैसे आहेत, त्याच्याकडे शंभर माणसं सहा महिने मोजायला पैसे नाहीत हे मला पटत नाही. आणि खरोखरच नसतील, तर त्याने तेल म्हणून तेल विकावं. तेल विकण्याला कोणाचीच हरकत नाही. हरकत दाव्याला आहे.

रोझमेरीचं उदाहरण इथे जरा उलगडून पाहायला हवं, कारण ‘संशोधनाने सिद्ध’ हे शब्द कसे तयार होतात ते त्यात दिसतं. २०१५ साली इराणमध्ये वंशपरंपरेचं टक्कल असलेल्या १०० जणांवर एक चाचणी झाली: ५० जणांना रोझमेरी तेल, ५० जणांना २ टक्के मिनॉक्सिडिल, सहा महिने. शेवटी दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. एवढ्यावरून ‘रोझमेरी मिनॉक्सिडिलच्या तोडीचं’ हे वाक्य जगभर फिरतं आहे. पण काहीच न लावणारा गट त्या चाचणीत नव्हता. मिनॉक्सिडिलच्या गटात मोजलेल्या जागेतले केस सरासरी १३८ वरून जेमतेम १४१ वर गेले आणि रोझमेरीच्या गटात १२३ वरून १३० वर. दोन विद्यार्थ्यांना सारखेच गुण पडले म्हणून दोघंही पास झाले असं होतं का? उत्तीर्ण व्हायला किती लागतात, तेच इथे ठरलेलं नव्हतं. रोझमेरीत काही नाही असं मी म्हणत नाही. या चाचणीवरून ते कळत नाही, आणि जाहिरात मात्र कळल्यासारखं बोलते.

तिसरा आक्षेप औषधवाल्यांवर बोट ठेवतो, आणि ते ठेवायलाच हवं. मान्यताप्राप्त औषधांचा परिणाम मर्यादित आहे, ती थांबवली की मिळालेलं हळूहळू जातं, आणि दुष्परिणाम आहेत. फिनॅस्टेराइडने काही पुरुषांत लैंगिक तक्रारी होतात. या गोळ्यांमुळे आत्महत्येचे विचार येऊ शकतात हे युरोपच्या औषध संस्थेच्या समितीने २०२५ साली मान्य केलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, डोक्याला लावायच्या फिनॅस्टेराइडच्या मान्यता नसलेल्या मिश्रणांबद्दल इशारा दिला. ही मिश्रणं ऑनलाइन सल्ला देणाऱ्या कंपन्या विकत होत्या, आणि वरून लावल्याने ती निर्धोक आहेत असा ग्राहकांचा समज होत होता. म्हणून माझी अट औषध कंपनीलाही तंतोतंत लागू आहे. फक्त एक विचारते: गोळीचे दुष्परिणाम आपल्याला कळले कसे? ती मोजली गेली, नोंदी ठेवणं भाग पाडलं गेलं, म्हणून. ज्या बाटलीवर ‘दुष्परिणाम नाहीत’ असं छापलेलं असतं, तिच्याबाबतीत बहुतेकदा त्याचा अर्थ ‘कोणी पाहिलं नाही’ एवढाच असतो.

‘लावलं तर बिघडलं काय, आशा तरी राहते’ हे मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं, कारण ते दयाळूपणाने म्हटलेलं असतं. बिघडतं. टाळूवर व्रण ठेवत जाणारे काही आजार असतात. त्यांत केसाचं मूळच कायमचं नष्ट होतं आणि वेळेवर थांबवलं तेवढंच वाचतं. अशा बाईने सहा महिने तेल चोळण्यात घालवले, तर ते सहा महिने तिच्या डोक्यावर पुसता न येणाऱ्या डागासारखे राहतात. थायरॉइड, लोहाची कमतरता यांची पहिली खूण कधीकधी केसच देतात. त्या खुणेला शॅम्पूने उत्तर दिलं तर आजार तसाच राहतो. आणि केसांच्या गोळ्यांत भरभरून घातलं जाणारं बायोटिन हे ब जीवनसत्त्व? त्याची खरी कमतरता विरळ आहे. पण त्याचं प्रमाण जास्त झालं तर रक्ताच्या काही तपासण्यांचे निकाल चुकतात, त्यांत हृदयविकाराचा झटका ओळखणारी ट्रोपोनिनची तपासणीही आली. एफडीएने २०१७ साली याबद्दल सावध केलं तेव्हा अशा चुकीच्या निकालानंतरच्या एका मृत्यूची नोंद त्यांच्याकडे होती.

आता जाहिरात हातात घेऊन जवळून बघू. ‘आधी’च्या फोटोत दिवा बरोबर डोक्यावर असतो, केस ओले किंवा तेलकट होऊन बटा चिकटलेल्या असतात, मान खाली घातलेली असते, भांग मधोमध ओढलेला असतो. ‘नंतर’च्या फोटोत उजेड समोरून येतो, केस कोरडे आणि फुलवलेले असतात, हनुवटी जराशी वर. भांग अर्धं बोट सरकवला तरी टाळूचा पांढरा पट्टा दिसेनासा होतो. आरशासमोर उभं राहून कोणीही करून पाहावं. गंभीर चाचणीत टाळूवर बारीकसा ठिपका गोंदवतात, त्याच ठिपक्याभोवतीचे केस कापून तेवढ्याच जागेचा मोठा करून फोटो काढतात आणि मोजणाऱ्याला तो कोणत्या गटाचा हे सांगत नाहीत. एवढा खटाटोप डोळ्यांना फसवता येतं म्हणूनच करावा लागतो.

आणि ती तारांकित ओळ. ‘केसगळती कमी करते’ हे ठळक अक्षरांत, आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत ‘तुटण्यामुळे होणारी’. फणीत अडकलेला केस उजेडात धरून पाहा. त्याच्या टोकाला पांढरट बारीक गाठ असेल तर तो मुळापासून आला आहे. गाठ नसेल तर मध्येच तुटला आहे. ज्याचं टक्कल वाढतंय त्याची चिंता गाठीच्या केसाची असते आणि जाहिरात बोलते बिनगाठीच्या केसाबद्दल, जो कुठल्याही कंडिशनरने कमी तुटतो. कायद्याच्या कसोटीवर वाक्य टिकतं, वाचणारा फसतो. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. तशीच गत ‘त्वचारोगतज्ज्ञांकडून तपासलेलं’ या शब्दांची: लावल्यावर खाज किंवा पुरळ येत नाही, इतकंच बहुधा तपासलेलं असतं. लेझरच्या कंगव्याला २००७ साली अमेरिकेत विक्रीची मुभा मिळाली ती आधीच्या उपकरणांशी साधर्म्य दाखवण्याच्या वाटेने. औषधाला जी मान्यता लागते ती ही नव्हे, पण जाहिरातीत दोन्हींसाठी एकच शब्द येतो.

यात नवं काही नाही. १८८० च्या दशकात अमेरिकेत सदरलँड घराण्यातल्या सात बहिणी रंगमंचावर केस मोकळे सोडून उभ्या राहत. सातजणींच्या केसांची मिळून लांबी ३७ फूट सांगितली जाई. त्यांच्या नावाचं केशवर्धक धडाक्याने खपलं. पण त्यांचे केस आधीपासूनच लांब होते, केशवर्धक नंतर आलं! दाट केसांच्या नटीच्या हाती बाटली देणारी आजची जाहिरात याहून एक पाऊल तरी पुढे गेली आहे का? आणि अनुभवावर विसंबण्याची चूक फक्त भाबडं गिऱ्हाईक करतं असंही नाही. अमेरिकेत १९६२ पर्यंत औषध गुणकारी आहे हे दाखवण्याची सक्ती नव्हती, सुरक्षितता दाखवली की पुरे. गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली, त्या शोकांतिकेनंतर कायदा बदलला आणि आधीच बाजारात असलेल्या ३,४०० हून अधिक औषधांची फेरतपासणी झाली. त्यातली हजाराहून जास्त गुणकारी ठरली नाहीत. ती सगळी शिकलेल्या डॉक्टरांनी स्वतःच्या अनुभवावर विसंबून वर्षानुवर्षं लिहून दिलेली होती. डॉक्टरांना जे डोळ्यांनी दिसलं नाही, ते आरशासमोर घाबरून उभ्या असलेल्या विशीतल्या मुलाला दिसावं ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? त्याला हौशी म्हणणं, मूर्ख म्हणणं हे फसवणाऱ्याचं काम सोपं करतं.

नियम नाहीत असं नाही. एफडीएने १९८९ साली डोक्याला लावायच्या, चिठ्ठीविना मिळणाऱ्या केशवर्धकांपैकी एकालाही पुरेसा पुरावा नाही असा निर्णय दिला. बायोटिन, जोजोबा तेल, लॅनोलिन, गव्हांकुराचं तेल यांची त्यात नावं आहेत. भारताच्या १९४५ च्या औषध नियमांतल्या ‘जे’ अनुसूचीत टक्कल आणि नवे केस उगवणं हे दोन्ही आहेत. औषधाने त्यांवर उपायाचा दावा करायचा नाही. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने २०१८ साली एका कॅफीन शॅम्पूचा ‘केसगळती कमी करण्यास मदत’ हा दावा पुराव्याअभावी अमान्य केला. पण हे सगळं घडतं ते जाहिरात लाखोंनी पाहून झाल्यावर. शिवाय वस्तूला औषध न म्हणता सौंदर्यप्रसाधन म्हटलं की निम्मे नियम गळून पडतात, आणि तोच दावा एखाद्या लोकप्रिय चेहऱ्याने स्वतःच्या मोबाइलवर स्वतःचा अनुभव म्हणून सांगितला की उरलेले. म्हणून नियम वस्तूच्या वर्गाला नको, वाक्याला हवा. केस येतात, गळणं थांबतं असं जो म्हणेल, त्याने म्हणण्याआधी तुलनेच्या गटासह चाचणी दाखवावी, ती कोणत्या प्रकारच्या गळतीवर होती हे सांगावं, आणि न वापरणाऱ्यांचा आकडा वापरणाऱ्यांच्या आकड्याशेजारी त्याच आकाराच्या अक्षरांत छापावा. पैसे घेऊन बोलणाऱ्या चेहऱ्यालाही हेच.

असं छापलं तर घेईल कोण, असं मला विचारलं जातं. फिनॅस्टेराइडच्या चाचण्यांत दोन वर्षांनंतर गोळी घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के पुरुषांचे केस मोजणीत कमी झाले नव्हते, आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत असे २८ टक्के होते. चाईवरचं बॅरिसिटिनिब २०२२ साली मान्य झालं ते दोन चाचण्यांत ३६ आठवड्यांनी ३९ आणि ३६ टक्के रुग्णांचं डोकं जवळजवळ भरून आलं म्हणून. औषध नसलेल्या गटांत हे प्रमाण ६ आणि ३ टक्के होतं. म्हणजे औषध घेतलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना तेवढं यश आलंच नाही, आणि तरीही डॉक्टर ते लिहून देतात, माणसं विचार करून ते घेतात. काही जण हे आकडे वाचून नको म्हणतात आणि केस बारीक कापून मोकळे होतात. दोघांच्याही हातात निर्णय घेण्याजोगं काहीतरी होतं. माझी बहीण पुड्यांवर तारखा लिहीत होती तेव्हा तिच्या हातात फक्त बाटलीवरचा फोटो होता.